पठार खचतं, कोसळत नाही. आणि त्याचा पत्थराशी संबंध नाही

कोल्हापुरात भूगोल शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: जुन्या पर्वतरांगा आणि उंच पठारं कालांतराने स्वतःच्याच वजनाने खाली बसतात, त्याला मराठीत 'पर्वत कोसळणे' म्हणावं का? जाता जाता त्यांनी लिहिलंय, 'पठार हा शब्द पत्थरवरूनच आलाय ना?'

'कोसळणे' अजिबात नको. पावसाळा लागला की बातम्यांत जे काही होतं ते कोसळतंच. करूळ घाटात दरड कोसळली, हे बरोबर. पण घाटातला रस्ताही 'कोसळला' म्हणतात तेव्हा कान किटतात. रस्ता खचतो. बुरूज ढासळतो. डोंगर झिजतो. कोसळायला वरून सुटून खाली यावं लागतं, तेही एका दमात. खचताना आतला आधार जातो आणि वरचं सगळं जागच्या जागी बसतं. इतकी नेमकी क्रियापदं हाताशी असताना सगळीकडे एकच लावणं हा निव्वळ आळस आहे.

पठाराचं होतं ते खचणंच. तिबेट बघा. भारताची भूमी आशियाला भिडली त्याला सुमारे ५ कोटी वर्षं झाली. त्या रेट्याने तिथलं भूकवच दुमडत, एकावर एक चढत जवळपास ७० किलोमीटर जाड झालं. एरवी खंडांखाली ते ३५-४० किलोमीटर असतं. एवढ्या जाडीत खालचा खडक तापतो आणि मऊ पडतो. गुऱ्हाळात काहिलीतून वाफ्यात ओतलेला गरम गूळ ढीग करून उभा राहत नाही, पसरतो. तसंच हे, फक्त लाखो वर्षं चालणारं. सरासरी ५,००० मीटर उंचीचं तिबेट आज उत्तर-दक्षिण दाबलं जातंय आणि त्याच वेळी पूर्व-पश्चिम ताणलंही जातंय. म्हणून तिथे दक्षिणोत्तर लांबच लांब खचदऱ्या पडल्या आहेत. ७ जानेवारी २०२५ ला दक्षिण तिबेटातल्या डिंगरीत झालेला मोठा भूकंप याच ताणाचा. आणि रेटा थांबला की काय होतं ते नॉर्वेत दिसतं. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी तिथे हिमालयासारखी रांग होती. टक्कर संपल्यावर ज्या भेगांवरून खडक वर चढले होते, त्यातल्या काहींवरूनच ते उलटे मागे घसरले. यात कुठे 'कोसळणं' आहे?

आता पठार. संस्कृत 'प्रस्तर' म्हणजे दगड, त्यावरून पत्थर आणि पत्थरवरून पठार, ही व्युत्पत्ती इतक्या ठिकाणी ठोकून दिलेली आढळते की लोक ती तपासतच नाहीत. मराठीचा कान लावून बघा. संस्कृतातला 'स्त' मराठीत येताना दंत्यच, म्हणजे त-थ च्या घरातलाच राहतो: हस्तचा हात, मस्तकचा माथा, पुस्तकची पोथी. खुद्द प्रस्तरचं काय झालं? पाथर. पाथरवट हा शब्द आजही जिवंत आहे. उलट 'ष्ठ' आला की ठ होतो: ओष्ठचा ओठ, कोष्ठचा कोठा, गोष्ठचा गोठा, अंगुष्ठचा अंगठा, प्रतिष्ठानचं पैठण. आणि पृष्ठची पाठ! पठार त्याच पाठीतून आलंय, असं माझं ठाम मत आहे. पाठमधला 'पा' ऱ्हस्व का झाला, असं विचाराल तर नाकवरून नकटा आणि हाडवरून हडकुळा कसे झाले ते बघा.

शिवाय शब्द एकटा नसतो, त्याचं गणगोत बघावं लागतं. आपल्याकडे डोंगर हा अख्खा देह आहे. त्याला माथा आहे, कूस आहे, सोंड आहे, पायथा आहे. घाटातून उतरणाऱ्या अरुंद घळीला नाळ म्हणतात. एवढे अवयव असलेल्या देहाला पाठ नसेल? पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर, म्हणजे १६६० साली शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले त्या वाटेवर, पावसाळ्यात एकदा चालून या. पायाखाली जांभ्याचा सलग थर असतो आणि दोन्ही बाजूंना उतार पडत जातो. नाव ठेवणाऱ्याला तिथे पाठ दिसली, दगड नव्हे. दगड तर दरीतही आहे. त्यावरून उंच सपाटीलाच वेगळं नाव कशाला पडेल?

याच देहातला घाटमाथा. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाताना पर्वत चढल्यासारखं वाटतच नाही. गगनबावडा ओलांडून करूळ घाटात उतरायला लागलं की मग भिंत दिसते. कारण सह्याद्री ही टकरीतून उभी राहिलेली रांग नाहीच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी झालेल्या पठाराची ती पश्चिमेकडची कड आहे, आणि पावसाने, ओढ्यांनी ती झिजवत झिजवत पूर्वेकडे मागे ढकललीय. म्हणून ताई, वर्गात सांगताना तिबेट खचतंय म्हणा, पण सह्याद्रीला खचणे लावू नका. तिथे कडा मागे हटलाय.

पाठला जोडलेल्या 'आर'चं मूळ कुणी जुन्या लेखातून दाखवलं तर मला हवंच आहे. पत्थरवाल्यांनी मात्र आधी असा एक अस्सल मराठी शब्द दाखवावा, ज्याच्या पोटातल्या 'स्त'चा ठ झालाय.