बोटाला अभिप्राय नको, पोच हवी

प्रश्न थोडक्यात असा: "बोटात घालायच्या नव्या उपकरणांवर लेख लिहिते आहे. ही उपकरणं बोटांच्या हालचालींवरून आज्ञा ओळखतात आणि बोटाला कंपन किंवा दाब देऊन उत्तर देतात. 'वेअरेबल', 'जेश्चर सेन्सिंग' आणि 'हॅप्टिक फीडबॅक' यांना मराठीत काय म्हणावं? सध्या मी लिहिलंय ते असं: 'हे परिधेय अंगुली-उपकरण वापरकर्त्याच्या हावभावांचे संवेदन करून स्पर्शीय अभिप्राय प्रदान करते.'"

'अभिप्राय'पासून सुरुवात करतो, कारण तुमच्या वाक्यातले बाकीचे शब्द नुसते जड आहेत, हा मात्र चुकीचा आहे. अभिप्राय म्हणजे मत. ग्राहकाकडून भरून घेतात त्या फीडबॅक फॉर्मला तो शोभतो. अंगठीला तुमच्याविषयी काही मत नसतं. ती काय करते ते बघा. तुम्ही अंगठ्यानं तर्जनीच्या कडेला हलकंच टेकवलंत. कुठलं बटण दबलं नाही, खटका वाजला नाही, समोर पडदाही नसेल. यंत्राला कळलं की नाही? तेवढ्यात अंगठी एकदा थरथरते. कळलं! या उत्तराला मराठीत तयार शब्द आहे: पोच. पत्राची पोच मिळते, पैशाची पोच मिळते, तशी खुणेची पोच. कीबोर्डची कळ खाली जाते आणि वर येते, म्हणजे आपली पोच ती स्वतःच देते. हवेत केलेल्या खुणेला ती सोय नाही, म्हणून बोटाला मुद्दाम द्यावी लागते.

पण सगळा हॅप्टिक फीडबॅक पोच नसतो. आभासी जगातला चेंडू तुम्ही पकडलात आणि बोटाच्या टोकावरच्या उपकरणानं तिथली त्वचा दाबली, तर ती कसली पोच? तिथे नसलेली वस्तू असल्यासारखी वाटवणं चाललंय. त्याला मी स्पर्शाभास म्हणेन. याचं मला आवडणारं उदाहरण २००२ सालचं आहे. जपानी संशोधकांनी बोटाच्या नखावर बसणारं एक छोटं उपकरण दाखवलं होतं. सपाट कागदावर छापलेल्या रेघांवरून बोट फिरवलं की प्रत्येक रेघेपाशी नखावर कंप येई, आणि वाटे असं की रेघ कागदातून वर उठली आहे आणि बोटाच्या पोटाला लागते आहे. कंप नखाला, भास बोटाच्या पोटाला! शिवाय बोटाचं पोट मोकळं राहिल्यामुळे खऱ्या वस्तू हाताळायची अडचण नाही. पोच आणि स्पर्शाभास या दोन कामांना इंग्रजीनं एकाच नावाखाली ठेवलंय. आपण ती गाठ सोडवून घेतली तर तुमचा लेख वाचायला सोपाच होईल. दोन्हींना सामावणारा शब्द मथळ्यासाठी हवाच असेल तर 'स्पर्श-प्रतिसाद' चालेल. 'स्पर्शीय' किंवा 'स्पर्शिक' मात्र नको. 'स्पर्श' पुढे जोडला की काम होतं, प्रत्यय कशाला?

'हॅप्टिक' मी हाकलून देणार नाही. फोनच्या सेटिंगमधून तो लोकांच्या ओळखीचा झालाय. तसा तोही घडवलेलाच शब्द. दृष्टीचं आणि ध्वनीचं शास्त्र असतं तसं स्पर्शाचंही असावं म्हणून माक्स डेसवार या जर्मन अभ्यासकानं 'स्पर्श करणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १८९२ मध्ये ते नाव सुचवलं. पहिल्या परिच्छेदात एकदा वापरा, मग विसरा.

प्रत्यक्ष बोटाला काय जाणवतं हे सांगताना तर 'कंपन' या एकाच शब्दावर अडून राहू नका. मराठीत इथे चैन आहे. फिरत्या मोटरीचा लांबणारा कंप म्हणजे थरथर. एकच नेमका ठोका देणाऱ्या मोटरीची टिचकी. त्वचेतून बारीक विद्युतप्रवाह सोडणाऱ्या उपकरणानं येतात त्या झिणझिण्या. सुईसारख्या टोकांनी होते ती टोचणी, पट्टा आवळून होतो तो दाब. तंत्र बदललं की शब्द बदलतो, आणि वाचकाला आकृतीशिवाय फरक कळतो. कंपाच्या वेगाचा उल्लेख येणार असेल तर एवढं सांगता येईल की त्वचेत खोलवर असलेली, कंप टिपणारी पॅसिनी ग्राहकं (चेतातंतूंची टोकं) सेकंदाला साधारण २०० ते ३०० कंपांना सर्वांत तिखट असतात, म्हणून पुष्कळ उपकरणं त्याच पट्ट्यात थरथरतात.

आता 'हावभाव'. काव्यशास्त्रात हाव आणि भाव हे नायिकेचे शृंगारविलास. आज अर्थ सैल झालाय हे खरं, तरी हावभाव म्हटलं की चेहरा डोळ्यांपुढे येतो, बोटं येत नाहीत. तुमच्या उपकरणासाठी साधा शब्द 'खूण'. 'संवेदन'ही काढा. संवेदना माणसाला होते. अंगठीतलं त्वरणमापक (अ‍ॅक्सेलरोमीटर) आणि घूर्णदर्शी (जायरोस्कोप) हालचाल टिपतात, आणि त्या नोंदींवरून खूण कोणती हे आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, ओळखते. टिपणं वेगळं, ओळखणं वेगळं. कित्येकदा हालचाल बिनचूक टिपली जाते आणि खूण चुकीची ओळखली जाते, म्हणून हा भेद लेखात ठेवाच.

खुणांची नावं तर तयार आहेत. टिचकी, चुटकी, बोट सरकवणं, बोट रोखणं. 'पिंच'ला चिमटा म्हणू नका, चिमटा दुखतो. अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवली की ती चिमटी. टिचकी इथे दुसऱ्यांदा आली हे लक्षात आलं असेल. ती बोटानं मारताही येते आणि बोटाला जाणवतेही. जालावरच्या मराठीत 'क्लिक'साठी 'येथे टिचकी मारा' लिहायची पद्धत होती, तेव्हापासून ती यंत्राच्या कामाला लागलेली आहेच.

एक जुना शब्द मुद्दाम आठवण करून देतो: करपल्लवी. बोटांच्या खुणांनी बोलणं. तिची बहीण नेत्रपल्लवी अजून सुखात नांदते आहे, ही मागे पडली. चौसष्ट कलांमधलं अक्षरमुष्टिकाकथन याच घराण्यातलं. एकट्यादुकट्या टिचकीला करपल्लवी म्हणणं जास्त होईल, पण बोटांच्या खुणांनी अक्षरं जुळवून मजकूर लिहिता येतो अशा उपकरणाबद्दल लिहाल तेव्हा हा शब्द अगदी नेमका बसेल.

राहिलं 'वेअरेबल'. इंग्रजीत सगळं एकाच क्रियापदात भागतं. आपण साडी नेसतो, टोपी घालतो, चष्मा लावतो, फेटा बांधतो, गजरा माळतो, दागिने लेतो. 'परिधान' त्यातल्या त्यात कपड्यांचं. त्यामुळे 'परिधेय' सरकारी यादीत ठीक, पण बोटाच्या वस्तूला 'बोटात घालायचं' हेच खरं मराठी. (बोटात! वास्तविक बोट अंगठीत असतं, अंगठी बोटात नसते. पण भाषा भूमितीला जुमानत नाही.)

आणि प्रत्येक वेळी 'अंगुली-उपकरण' कशासाठी? आकारानुसार नावं आहेत. बोटाच्या मुळाशी बसते ती अंगठी. टोकावर टोपीसारखं बसतं ते अंगुस्तान, शिवणकामात सुई टोचू नये म्हणून घालतात तेच. हा शब्द फारसीतून आला. तिकडे 'अंगुश्त' म्हणजे बोट, आणि संस्कृतातला 'अंगुष्ठ' त्याचा चुलतभाऊ, ज्याच्याकडून आपला अंगठा आला. नखावर बसणाऱ्याला 'नखी' म्हणायचा मोह होतो, पण ती सतारीसाठी राखीव आहे, वाचक तारा शोधत बसेल. 'नखावर बसणारं' एवढंच लिहा. आणखी एक मोह मुद्रिकेचा: मुद्रा म्हणजे शिक्का आणि मुद्रा म्हणजे हाताची खूणही, तेव्हा खुणा ओळखणारी अंगठी ती मुद्रिका! कोटी छान आहे. पण जी समजावून सांगावी लागते ती परिभाषा म्हणून टिकत नाही, म्हणून मी स्वतःच तिच्यावर काट मारतो.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन: "बोटात घालायची ही अंगठी बोटांच्या खुणा ओळखते, आणि खूण कळली की त्याच बोटाला हलक्या थरथरीनं पोच देते." आभासी वस्तूंचा भाग आला की पुढे: "टोकावर अंगुस्तान चढवलं तर पडद्यावरच्या वस्तूचा स्पर्शाभासही होतो." पहिल्या वाक्यात 'वापरकर्ता' गळलाय तो चुकून नव्हे. बोट आहे म्हणजे माणूस आहेच.