आईच्या गोळीसोबत हर्बल कॅप्सूल दिली तर चालेल का?

प्रश्न: डॉक्टर, माझी आई ५८ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून एकदम गप्प झालीय, सकाळचा चहा हातात धरून बसते, त्यावर साय धरते तरी घोट घेत नाही. थायरॉइडची गोळी जुनीच आहे, तीन आठवड्यांपूर्वी डिप्रेशनसाठी एसिटालोप्राम सुरू केलीय पण फरक वाटत नाही आणि आई म्हणते या गोळ्यांची सवय लागते. नणंदेने अमेरिकेहून सेंट जॉन्स वॉर्ट नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल आणल्यात, शेजारच्या काकू अश्वगंधा दे म्हणतात. नैसर्गिकच आहे तर दोन्ही सोबत दिलं तर काय बिघडेल?
एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, आधी ती बाटली बाजूला ठेवा, आणि एखादी कॅप्सूल दिली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करून सांगून टाका, ओरडतील म्हणून लपवू नका.

सेंट जॉन्स वॉर्ट थोतांड नाहीये, सौम्य आणि मध्यम डिप्रेशनमध्ये त्याचा उपयोग होतो, जर्मनीत डॉक्टर लिहूनही देतात. पण म्हणूनच भीती आहे. ते मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढवतं, एसिटालोप्रामही तेच करते, दोन्ही एकत्र आलं की प्रमाण हाताबाहेर जाऊ शकतं, मग हात थरथरतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, ताप चढतो, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. शिवाय त्याने लिव्हर इतर गोळ्या भराभर संपवायला लागतं, म्हणजे रक्त पातळ करायची वॉरफरिन किंवा गर्भनिरोधक गोळी घेत असाल तर तिचा असर कमी होतो. नणंदबाई स्वतः घेत असतील तर त्यांनाही हे सांगा.

आता अश्वगंधा. ताण आणि झोपेसाठी थोडा फायदा काही छोट्या अभ्यासांत दिसलाय, पण डिप्रेशनवर तिच्या भरवशावर राहावं असं मला वाटत नाही. आणि आईंचा मुद्दा थायरॉइडचा आहे, अश्वगंधेने थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं, वरून गोळी चालूच, मग धडधड आणि झोप उडणं आलंच. काही जणांना लिव्हरचा त्रास होऊन कावीळही झालीय. त्यामुळे डॉक्टरांना न विचारता नको.

आणि नैसर्गिक म्हणून निर्धोक, हे डोक्यातून काढाच. सर्पगंधा आपल्याच मातीतली, तिच्यातून काढलेलं रेझर्पीन १९५० च्या दशकात बीपीसाठी भरपूर वापरलं गेलं आणि ते घेणाऱ्या काही पेशंटना उदासीने घेरल्याच्या नोंदी आहेत.

राहिली एसिटालोप्राम. तिला नीट असर दाखवायला चार ते सहा आठवडे लागतात, तुमचे तीनच झालेत. दारूसारखी तिची चटक लागत नाही, फक्त एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड होते म्हणून ती डॉक्टरच हळूहळू कमी करतात. पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या बाटल्या, चूर्णं, काढे एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर काढून ठेवा, तोंडी सांगताना हमखास एखादं राहतं.

मधल्या काळात आई "आता जगून काय करू" असं काही म्हणाल्या तर विषय बदलू नका, जवळ बसा, त्यांना एकटं सोडू नका आणि डॉक्टरांना लगेच कळवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः थकलात तरी लावा.