नसांना वीज, शरीरसुखाला उभारी? वाचकांचे प्रश्न

वय ४६. गेली काही वर्षं मला संबंधांत परमसुखाचा क्षण येतच नाही. कण्यात यंत्र बसवून तो परत मिळतो म्हणे. करून घेऊ का?

ही बातमी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाची. डॉ. स्टुअर्ट मेलॉय हे वेदनातज्ज्ञ एका बाईंच्या दुखण्यासाठी कण्यात तार बसवत होते. तार नेमकी कुठे पोचली हे रुग्णालाच विचारावं लागतं, म्हणून त्या वेळी तिला जागं ठेवतात. प्रवाह सोडला आणि बाईंना भलतंच सुख जाणवलं! पुढे त्यांनी ११ जणींवर छोटी चाचणी केली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पूर्वी हा अनुभव येत असून नंतर बंद पडलेल्या पाचपैकी चौघींना तो परत आला. तार काढल्यावर मात्र पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एवढ्याशा चाचणीवरून कण्याला हात लावू नये. या तक्रारीसाठी हा मान्यताप्राप्त उपचार नाहीच.

त्याऐवजी तक्रार कधी सुरू झाली आणि त्याच सुमारास कोणती गोळी चालू झाली, ते आठवा. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारखी नैराश्यावरची औषधं बऱ्याचदा हा क्षण हिरावतात. पण गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टर डोस कमी करतील किंवा औषध बदलतील. शुगर तपासा. पाळी जाताना येणारा कोरडेपणा असेल तर त्यावर सोपे उपचार आहेत.

वय २९. अपघातात मणका मोडला, कमरेखाली संवेदना नाही. लग्न ठरतंय. असं यंत्र चालेल?

लंडनचे प्रा. जाइल्स ब्रिंडली यांनी माकडहाडाच्या वरच्या हाडातून (त्रिकास्थीतून) निघणाऱ्या नसांवर बसवायचं यंत्र बनवलं, तेही मुख्यतः लघवी होण्यासाठी. त्यातून दुसऱ्या त्रिकास्थी नसेला प्रवाह दिला की बऱ्याच पुरुषांना ताठरता येते. पण ही मेख आधी ऐका: त्या शस्त्रक्रियेत सहसा नसांची संवेदना नेणारी मुळं कापतात, त्यामुळे स्पर्शाने आपोआप येणारी ताठरता कायमची जाते. तुम्हाला ती आज येत असेल तर ती सांभाळा.

आधी सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी; मणक्याच्या रुग्णांत तिचा बऱ्यापैकी उपयोग होतो. छातीत दुखण्यावर नायट्रेट घेत असाल तर ती अजिबात नको. मूल हवं असेल तर व्हायब्रेटरने किंवा विजेच्या साहाय्याने वीर्य मिळवता येतं, पण पहिल्यांदा रुग्णालयातच. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर अशा वेळी रक्तदाब एकदम चढतो. डोकं ठणकायला लागलं की लगेच थांबायचं. होणाऱ्या पत्नीला हे सगळं लग्नाआधी सांगा, शक्य तर तिला घेऊनच या.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ताठरता नाही.

ताठरतेच्या नसा प्रोस्टेटला अगदी चिकटून जातात, ऑपरेशनमध्ये त्या ताणल्या किंवा कापल्या जातात. तिथे बसवायची विद्युत यंत्रं अजून चाचणीतच आहेत. गोळी, व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, आणि कशानेच जमलं नाही तर पाणी भरणारं इम्प्लांट, या क्रमाने जा. नसा वाचल्या असतील तर सुधारणा व्हायला दीड-दोन वर्षंही लागतात.

पत्नीला लघवीच्या तक्रारीसाठी नस उत्तेजित करणारं यंत्र बसवलंय. संबंध ठेवता येतील ना?

जखम भरली आणि सर्जननी होकार दिला की खुशाल. झिणझिण्या त्रासदायक वाटल्या तर तेवढ्यापुरतं यंत्र रिमोटने बंद करता येतं. कसं ते सर्जनकडून शिकून घ्या.