पंच नसलेल्या जागी कुस्ती

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. दीड वर्ष मॅटवर फ्रीस्टाईल खेळते. क्लास सुटल्यावर रात्री एकटी घरी येते. शेजारचे म्हणतात, कुस्ती नुसता खेळ, अंगावर कोणी आलं तर कामाची नाही, तिला ज्यूदो लावा. काय करू?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, शेजाऱ्यांचं निम्मं खरं आहे. ते निम्मं मी सोलापूरच्या एसटी स्टँडवर शिकलोय.

तेव्हा मी तेविशीचा. सुट्या पैशांवरून एकानं कॉलर धरली. सवयीनं खाली बसून एकेरी पट काढला, म्हणजे त्याचा एक पाय धरून खेचला. गडी पडला, पण माझा गुडघा फरशीवर असा आपटला की डोळ्यांसमोर काजवे. वर त्याच्या छातीवर बसून मी येड्यासारखा पंचाची वाट बघतोय! तेवढ्यात त्याच्या जोडीदारानं मागून लाथ घातली. तालमीत कळल्यावर वस्ताद म्हणाले, "आखाड्याच्या हौद्यात तेल-ताक ओतून माती मऊ कशाला करतो रे आपण?"

पाठ टेकली की कुस्ती संपते, म्हणून पैलवान पाठ टेकायच्या आधी पालथा होतो. १९१० साली लंडनला आपल्या गामा पैलवानासमोर पोलंडचा पैलवान झिबिस्को तासन्‌तास पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. रस्त्यावर असं पालथं पडलं तर मागचा माणूस सरळ गळा आवळणार. गळा आवळणं कुस्तीत चालत नाही, त्यामुळे पोरींना त्याची सवयच नसते. पट काढताना मान पुढे जाते, तीही तशीच सापडते.

ज्यूदोत कपडा धरून खेळतात, गळा आवळणं आणि कोपरावर कुलूप लावणं, म्हणजे सांधा अडकवून ताणणंही चालतं. तेवढं जास्तीचं मिळेल. पण ज्यूदोही खेळच की ओ! १८८२ साली ज्यूदो सुरू करणाऱ्या कानो यांनी जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले घातक प्रकार सरावातून बाजूला काढले, म्हणून तर पोरं रोज पूर्ण ताकदीनं झुंजू शकतात.

कुस्तीचंही बळ तिथंच आहे. तुमची पोर रोज कुणाच्या तरी कब्जातून सुटते, समोरची वजनानं जास्त असली तरी. मागून कवळ घातली की कंबर खाली सोडायची, हातांची पकड फोडायची, वळायचं. हे तिचं अंग आपोआप करतं. मनगट धरलं तर समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा, हे तर खडाखडीत, उभ्यानं हात-मनगटांची झटापट चालते तेव्हाच येतं. पाठ करून आलेलं कराटे भेदरल्यावर आठवेलच असं नाही. (हे माझं मत; कराटेवाले रागावतील.)

कुस्ती सोडवू नका. तिच्या कोचला सांगा, रविवारी पंधरा मिनिटं वेगळा सराव घ्या : उताणं पडून आपल्या आणि समोरच्याच्या मधे पाय घालायचे, उठायचं आणि पळायचं. वर बसून राहायचं नाही. हत्यार दिसलं तर डाव नाहीच. पर्स-मोबाईल टाकून पळायचं, मग ११२ लावायचा.

आणि तो सराव तिच्या रोजच्या ड्रेसवर, ओढणीसकट. सॅकही पाठीवर राहू द्या. कुठे अडकते ते तिलाच कळेल.