सेवेला जाते, तरी मी परकीच का?

बदली होऊन नव्या गावी आलेल्या एका पंचेचाळिशीच्या बाईंचा हा प्रश्न. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एकटेपणा घालवायचा म्हणून त्या वृक्षारोपणाला गेल्या, रक्तदान शिबिरात राबल्या, एका उत्सवाच्या तयारीलाही गेल्या. "तिथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, मॅडम. मला फक्त 'अहो, तो खोका जरा इकडे द्या.' घरी आलं की आधीपेक्षा जास्त एकटं वाटतं."

अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण दोष स्वतःच्या स्वभावाला देतात. बाईंच्या स्वभावात मला काही खोट दिसली नाही. त्या दर वेळी नव्या माणसांत जात होत्या, अडचण तिथे होती. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास लागतात, जवळच्या मैत्रीला २०० हून अधिक. आठवड्याला दोन तास धरले तरी ५० तासांना सहा महिने! एका दिवसाच्या शिबिरात हे कसं साधणार? हा हिशेब मांडल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीत जरा टेकून बसल्या.

मग एकच जागा, ठरलेला वार आणि नेमून घेतलेलं काम, असं ठरलं. वाचनालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त करायचं काम त्यांनी मागून घेतलं.

एकटं पडलेलं मन नकाराच्या खुणा फार पटकन टिपतं. जॉन कासिओपो यांचं एकटेपणावरचं संशोधनही हेच सांगतं. म्हणून मी त्यांना रोज दोनच ओळी लिहायला सांगितल्या: काय घडलं, आणि मी त्याचा काय अर्थ लावला. सुरुवातीची एक नोंद अशी: 'शेजारचे आजोबा पुस्तकाच्या कण्याला पट्टी चिकटवत राहिले, माझ्या बोलण्याला उत्तर दिलं नाही. मी त्यांना नको आहे.' पुढे काही आठवड्यांनी: 'आजोबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. आज मी त्यांच्या उजवीकडे बसले. ते खूप बोलले.'

वाचनालयाची एक परंपरा होती. वर्धापनदिनी दिवंगत सभासदांची आठवण म्हणून त्यांच्या आवडत्या पुस्तकातलं एकेक पान वाचायचं. बाई म्हणाल्या, "मी तर त्यांच्यातल्या कुणालाच पाहिलेलं नाही. मी तिथं काय करू?" मी म्हटलं, पाहुणी म्हणून जाऊ नका, काम मागा. त्यांनी पुस्तकं काढून पानांत खुणा घालायचं काम घेतलं. आता प्रत्येक नावासाठी कुणाला तरी विचारणं आलं: यांचं आवडतं पान कोणतं? जुने सभासद पान दाखवता दाखवता त्या माणसाबद्दल बोलत बसायचे. एरवी नवख्या माणसानं एवढ्या चौकशा केल्या असत्या तर आगाऊपणा वाटला असता. परंपरेतलं काम अंगावर असलं की विचारायचा हक्क आपोआप मिळतो, म्हणून मी परंपरेला इतकं महत्त्व देते.

सहा महिने नियमित जाऊनही कुणी नाव विचारत नसेल, नुसतंच राबवून घेत असेल, तर ती जागा खुशाल सोडा. आणि झोप, भूक उडाली असेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. सेवा त्यासोबत चालू ठेवता येते, पण ती उपचारांची जागा घेऊ शकत नाही.