सही केली त्या दिवशी दादाला काय कळत होतं?

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मोठा भाऊ २०१७ मध्ये मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं. २०१९ मध्ये त्याने वडिलांच्या मुलुंडच्या फ्लॅटमधला आपला हिस्सा धाकट्याच्या नावे हक्कसोडपत्र करून सोडला. पुढच्या वर्षी धाकट्याने त्याला घराबाहेर काढलं. तेव्हापासून तो दादरला पुलाखाली राहतो. त्याचा हिस्सा परत मिळेल का?

ताई, अशी पत्रं नेहमी येतात. माणसं बदलतात, हक्कसोडपत्र तेच असतं. वडील मृत्युपत्र न करता गेले, आई आधीच गेलेली, म्हणजे तिघा भावंडांचा सारखा वाटा, हे तुम्हाला माहीत आहेच. सगळा दावा एकाच गोष्टीवर उभा राहील किंवा पडेल: सही करताना दादाला काय कळत होतं.

करार कायद्याचं कलम १२ नीट वाचा. माणूस 'वेडा' आहे का, असं ते विचारत नाही. करार करताना त्याला तो समजत होता का, आणि आपल्या हिताचं काय, अहिताचं काय, याचा विचार करून निर्णय घेता येत होता का, असं विचारतं. दुसरा भाग महत्त्वाचा. दादा बोलायला नीट आहे, जुन्या मॅचचे स्कोअर सांगतो, असं तुम्ही लिहिता. समोरचा वकील नेमकं हेच कोर्टासमोर ठेवणार. सब-रजिस्ट्रारने विचारलं असेल, सही तुमचीच ना, राजीखुशीने करताय ना? दादा 'हो' म्हणाला, अंगठा उमटला, फोटो निघाला. 'सही केलीस तर उद्या झोपणार कुठे?' हे तिथे कुणी विचारत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या माणसाला अनेकदा बोलता येतं, आठवतं, पण पुढचं जुळवता येत नाही, आणि घर टिकवायला तेच लागतं.

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची ओळ शेवटी, जाता जाता आली आहे. अपघाताआधी दादा सोसायटीचा खजिनदार होता, आणि नंतर एकच लाइट बिल दोनदा भरून मेंटेनन्स मात्र भरायचाच नाही. सोसायटीच्या वहीतलं त्याच्या हातचं २०१६ चं पान आणि ती दोन बिलं मिळवा. एखाद्या तज्ज्ञाच्या दाखल्याइतकंच त्यांचं वजन पडू शकतं.

समोरून असंही येईल की रस्त्यावर राहून त्याचं डोकं गेलं. टोरोंटोत ९०४ बेघर माणसांचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त लोकांना कधी ना कधी मेंदूला इजा झालेली होती, आणि त्यातल्या ७० टक्क्यांना ती पहिल्यांदा झाली ती बेघर होण्याआधी. आधी मार, मग रस्ता. पण न्यायाधीश टोरोंटोच्या आकड्यावर निकाल देणार नाहीत. दादाच्या बाबतीतही क्रम तोच होता, हे त्याच्याच कागदांवरून दाखवावं लागेल.

आता रागाची गोष्ट. त्या हक्कसोडपत्रावर साक्षीदार म्हणून तुमची सही आहे, आणि तुम्ही म्हणता की वाचलं नव्हतं. साक्षीदाराची सही म्हणजे मजकुराला संमती असं कायदा सरळ धरत नाही, पण उलटतपासणीत तुम्हाला याचा त्रास होणारच. त्याहून वाईट म्हणजे तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात. करार कायद्याचंच कलम १६ म्हणतं, आजाराने ज्याची मानसिक क्षमता कमी झाली आहे अशा माणसाशी व्यवहार झाला, तर समोरच्याचा त्याच्यावर वरचष्मा होता असं धरता येतं. व्यवहार एकतर्फी दिसला, तर दबाव टाकला नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागतं. किती सोपा रस्ता होता! पण असा दस्त फक्त रद्द होण्याजोगा असतो, आणि तो रद्द करून घ्यायला हकीकत कळल्यापासून तीन वर्षांची मुदत. ती बहुधा गेली. मुदत कायद्याचं कलम ६ वेड्या माणसाला सवलत देतं, डोक्याच्या इजेला ते लागू होईल का यावर वाद होईल. त्यावर एकट्यावर विसंबू नका.

म्हणून कलम १२ धरा. त्या दिवशी त्याला निर्णयच घेता येत नव्हता हे ठरलं, तर दस्त मुळातच शून्य, म्हणजे झालाच नाही असा, आणि शून्य दस्ताला तीन वर्षांची ती मुदत आड येत नाही. मात्र सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. दावा दादाच्या नावे, तुम्ही वादमित्र, म्हणजे त्याच्या वतीने दावा चालवणाऱ्या. त्याला आधी कोर्टाकडून वेडा ठरवून घ्यायची गरज नाही. मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं हित सांभाळता येत नाही एवढं कोर्टाला पटलं तरी चालतं. वाटपही त्याच दाव्यात मागता येईल, तुमचा तिसरा हिस्सा तुम्ही सोडलेला नाही. मुंबईत निकालाला किती वर्षं लागतील ते मी सांगत नाही, आणि तोवर पुलाखालच्या माणसाचं काय, हे आपली कोर्टं विचारत नाहीत, याची मला चीड आहे.

पोलिसांनी त्याला 'उचलावं' असं तुम्ही लिहिलंय. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० खाली पोलिसांनी अशा माणसाला २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, कोठडीत नाही. तुम्हीच सोबत जा. भीक मागताना पकडला गेला तर १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली भिक्षेकरी गृहात जाईल, आणि तिथून सोडवताना तुमची आणखी धावपळ होईल.

सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाते आहे म्हणता, तर दावा दाखल होताच लिस पेंडन्सची, म्हणजे फ्लॅटवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवा. मुंबईत ती नोंदवली नाही, तर मधल्या काळात फ्लॅट घेणाऱ्यावर तुमचा दावा बंधनकारक राहत नाही. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. तुम्हा दोघांनाही मोफत वकील मिळू शकतो, तुम्हाला स्त्री म्हणून, त्याला दिव्यांग म्हणून.

पण त्याआधी ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात लेखी अर्ज द्या, दादाची सही घेऊन, आणि पोच घ्या. डॉक्टरांना दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षंच ठेवण्याची सक्ती आहे, आणि तुम्ही केव्हाच त्यापुढे गेला आहात. मोठी हॉस्पिटलं जास्त काळ ठेवतात, म्हणून आशा आहे. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनचा रिपोर्ट आणि २०१९ पर्यंतच्या तपासण्यांच्या नोंदी, तिन्ही नावानिशी मागा. याच आठवड्यात.