लोणकढी थाप आणि वीस बाजूंचा फासा

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेमसाठी (खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट रचतात, काय घडेल ते फासे ठरवतात) अमेरिकन लोककथांवर बेतलेलं जग कसं रचायचं, याबद्दल बरेच प्रश्न साठले होते. त्यातले चार आज घेतो.

एल्फ आणि ड्रॅगन यांचा कंटाळा आला म्हणून लोककथांतला अवाढव्य लाकूडतोड्या पॉल बन्यन आणला. दोन सेशनमध्ये (खेळाच्या बैठकींत) तो नुसता दांडगा राक्षस होऊन बसला. काय चुकलं?

बन्यन घेतलात, पण लाकूडतोड्यांची छावणी मागेच राहिली. विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या जंगलात हिवाळाभर झाडं पाडणारे गडी रात्री शेगडीभोवती बसून नवख्या पोराला लोणकढी थापा मारायचे. त्या वर्षी थंडी अशी की बोललेले शब्द हवेतच गोठले आणि वसंतात वितळून एकदम ऐकू आले! पोराने मान डोलावली की तो फसला. गंमत बन्यनच्या उंचीत नाही, शांत चेहऱ्याने सांगण्याच्या चुरशीत आहे.

म्हणून माझ्या टेबलावर थाप हीच जादू असते. एकाने गंभीरपणे फेकायची, पुढच्याने त्यावर कडी करायची. जो हसला त्याचा मंत्र फुकट. ऐकणारं कुणी नसेल तर जादू चालतच नाही. एकटा जादूगार या जगात दुबळा, हे मला फार आवडतं.

राक्षसही त्याच छावणीतून घ्या. हाइडबिहाइंड कायम झाडाआड असतो, वळून पाहिलं तरी दिसत नाही. जंगलातून न परतलेल्या माणसांचा हिशोब त्याच्या नावावर. त्याची मिनिएचर (छोटी मूर्ती) टेबलावर कधीच ठेवू नका. स्क्वाँक हा पेनसिल्व्हेनियाच्या हेमलॉक वनातला, स्वतःच्या कुरूपपणावर रडणारा प्राणी. पकडला की अश्रूंत विरघळतो, पिशवीत नुसतं पाणी उरतं. तो पकडण्याची मोहीम खेळाडूंना द्या आणि मजा बघा.

(बन्यन देशभर पोचला तो १९१४ पासून एका लाकूड कंपनीने काढलेल्या जाहिरातीच्या पुस्तिकांमुळे. अशा मालाला रिचर्ड डॉर्सन या अभ्यासकाने १९५० मध्ये ‘फेकलोर’ (बनावट लोककथा) म्हटलं. तुमच्या जगातही थापा विकत घेणारी एखादी कंपनी असायला हरकत नाही.)

मी न्यू जर्सीत राहते. जर्सी डेव्हिलवर कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी गोष्ट) करायचं आहे, पण पंख आणि खूर असलेल्या प्राण्याशी मारामारी यापलीकडे सुचत नाही.

तुमच्या दाराशीच खाण आहे आणि विचारताय! आधी एखाद्या रविवारी पाइन बॅरन्सला जाऊन या. पांढरी वाळू, बुटके पाइन, आणि देवदाराच्या रसाने व लोहाने चहासारखं तांबूस झालेलं ओढ्याचं पाणी. त्या पाणथळ जागी लोखंडाचे थर साचायचे. बॅट्स्टो गावात १७६६ पासून भट्टी होती. उपसलेलं लोखंड काही वर्षांत पुन्हा साचतं! भूमी स्वतःची जखम भरून काढते, ही कल्पना फुकटात मिळते आहे. पुढे भट्ट्या विझल्या, गावं ओस पडली.

कथा अशी की १७३५ मध्ये लीड्स नावाच्या बाईने तेराव्या बाळंतपणाला वैतागून ‘हे सैतानाचं होवो’ म्हटलं आणि मूल चिमणीतून उडून गेलं. पण लीड्स घराणं खरंच होतं. डॅनियल लीड्स पंचांग छापायचा, त्यातल्या ज्योतिषावरून क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींशी त्याचं बिनसलं आणि त्यांनी त्याला सैतानाचा माणूस ठरवलं. काही इतिहासकारांच्या मते राक्षसाची मुळं या भांडणात आहेत. मग तुमचा खलनायक कोण? मी गावातला पंचांगकर्ता मध्यभागी ठेवेन. त्याने छापलेलं खरं ठरतं, आणि राक्षस शेवटच्या सेशनपर्यंत छपरावरच्या खुरांच्या ठशांतूनच भेटतो. १९०९ च्या जानेवारीत असेच ठसे दिसल्याच्या बातम्यांनी तिथे आठवडाभर घबराट माजली होती.

वेंडिगो आणि स्किनवॉकर घेतले तर चालतील का?

स्किनवॉकर, म्हणजे प्राण्याचं रूप घेणारा चेटक्या, नको. नव्हाहो या मूळ अमेरिकन जमातीचे लोक बाहेरच्यांपुढे त्याचं नावही काढायला तयार नसतात. आपण त्याला हिट पॉइंट्स (किती मार सोसेल त्याचे आकडे) चिकटवायचे, हे मला पटत नाही. वेंडिगो हा नरभक्षक राक्षस ओजिब्वे, क्री अशा मूळ अमेरिकन लोकांचा. शिंगं असलेलं हरणाचं डोकं ही अलीकडची भर आहे. मूळ गोष्ट उपासमारीच्या हिवाळ्याची आणि खाईल तितकी वाढणाऱ्या भुकेची. घ्यायचाच तर त्या लोकांनी स्वतः लिहिलेलं आधी वाचा. मी तरी नाव सोडून नुसती भूक घेईन. आणखी एक उसना नियम चालेल: कायोटी या लबाड, कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या गोष्टी नव्हाहो फक्त हिवाळ्यात सांगतात. तुमच्या जगातही काही मंत्र बर्फ पडल्यावरच म्हणता यावेत.

जॉन हेन्रीची लेव्हल (ताकदीची पातळी) किती ठेवू?

कॅरेक्टर शीटच (पात्राच्या गुणांचा तक्ता) करू नका. १८७० च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियाच्या बिग बेंड बोगद्यात हा कृष्णवर्णीय मजूर घण घेऊन वाफेच्या ड्रिलशी भिडला, जिंकला आणि तिथेच कोसळला, असं गाणी सांगतात. एका मतानुसार तो तुरुंगातून रेल्वेला भाड्याने दिलेला कैदी होता. त्याला लढवू नका. खेळाडू बोगद्यात पोचतील तेव्हा शर्यत संपलेली असू द्या: घण जमिनीवर, सहा मजूर गप्प उभे, आणि मुकादम विचारतोय, पुढची पाळी कोणाची?